ॲलेक्स फर्गसन, फॉल्कर्क आणि विली कनिंगहॅम: ज्याने संघाबाहेर काढलं त्यानेच कोच केलं

डावा_विंगर

मँचेस्टर युनायटेडच्या धाग्यावर मागे कोणीतरी लिहिलं होतं की त्यांचा गाजलेला मॅनेजर ॲलेक्स फर्गसन याची कोच म्हणून सुरुवात ॲबर्डीन या स्कॉटिश क्लबात झाली. जरा जास्त माहीतगार मंडळी त्याआधीच्या सेंट मिरेन क्लबपर्यंत मागे जातात. पण त्याच्याही मागे स्कॉटलंडमधलं फॉल्कर्क नावाचं छोटं शहर आहे, तिथले दोन क्लब आहेत आणि विली कनिंगहॅम नावाचा एक मॅनेजर आहे. मला लिहायचंय ते या कनिंगहॅमबद्दल. फर्गसनच्या कौतुकात त्याचं नाव जवळपास कुठेच येत नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते.

थोडी पार्श्वभूमी. फर्गसन ग्लासगोच्या गोवन भागातला, वडील जहाजबांधणीच्या गोदीत कामाला. तो स्वतः कारखान्यात टूलमेकरचं काम शिकत शिकत आधी क्वीन्स पार्क आणि मग सेंट जॉनस्टनकडून खेळला. १९६४ मध्ये डनफर्मलिनला गेला तेव्हा कुठे पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू झाला. तिथे त्याला मॅनेजर मिळाला तो कनिंगहॅम.

आता १९६५ च्या स्कॉटिश कपची फायनल बघा. डनफर्मलिन विरुद्ध सेल्टिक, हॅम्पडेन पार्क. हंगामभर गोल करणारा फर्गसन आपण खेळणारच असं धरून चालला होता. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर नावं वाचली गेली, आणि त्यात त्याचं नाव नव्हतं! आधी बाजूला घेऊन कोणी एक शब्दही बोललेलं नव्हतं. तो तिथल्या तिथे कनिंगहॅमवर ओरडला, शिव्याही दिल्या. बदली खेळाडूंची पद्धत स्कॉटलंडमध्ये अजून आली नव्हती, म्हणजे यादीबाहेर राहिला तो सरळ स्टँडमध्ये. डनफर्मलिन ३-२ हरलं. त्याच हंगामात लीगचं विजेतेपदही एका गुणाने हुकलं.

पुढच्या हंगामात याच माणसाने याच मॅनेजरच्या हाताखाली ५१ सामन्यांत ४५ गोल केले. त्यातले ३१ लीगमधले, आणि सेल्टिकच्या जो मॅकब्राइडबरोबर तो लीगमध्ये संयुक्त अव्वल ठरला. दोघांपैकी एकानेही राग धरून ठेवला असता तर हे झालं असतं का?

१९६७ मध्ये रेंजर्सने त्याला ६५,००० पौंडांना घेतलं. दोन स्कॉटिश क्लबांमधल्या व्यवहारात तेव्हा तो विक्रम होता. तिथे दोन वर्षांत सगळं बिनसलं. १९६९ च्या कप फायनलमध्ये सेल्टिकच्या बिली मॅकनीलला रोखायची जबाबदारी त्याच्यावर होती. मॅकनीलने सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतच कॉर्नरवर हेडर मारून गोल केला, रेंजर्स ४-० हरले, आणि त्यानंतर फर्गसनला पहिल्या संघात पुन्हा जागा मिळाली नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्ट घ्यायला तयार होतं, पण पत्नी कॅथीला इंग्लंडला जायचं नव्हतं. मग त्याला बोलावलं फॉल्कर्कने. मॅनेजर? पुन्हा कनिंगहॅम.

फॉल्कर्क तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं. १९६९-७० चं विजेतेपद मिळवून ते वर आले. त्याच काळात फर्गसन खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्षही होता, म्हणजे मॅनेजरसमोर खेळाडूंची बाजू मांडायची वेळ त्याच्यावर वारंवार यायची आणि दोघांचे खटके उडायचे. अशा माणसाला कनिंगहॅमने प्लेयर-कोच केलं. शिव्या खाल्लेल्या, वाद घातलेल्या माणसाकडे बघून 'याच्यात कोच आहे' हे ओळखणं ही सोपी गोष्ट नाही. माझ्या मते फर्गसनच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हा आहे, आणि तो फर्गसनने घेतलेलाच नाही.

१९७३ मध्ये कनिंगहॅम गेला, जॉन प्रेंटिस आला. त्याने फर्गसनकडून कोचिंगचं काम काढून घेतलं, खेळाडू म्हणून मात्र राहा म्हणाला. फर्गसनने बदली मागितली आणि खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम एअर युनायटेडमध्ये काढला. १९७४ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो पुन्हा फॉल्कर्क शहरात आला, या वेळी शेजारच्या छोट्या क्लबचा, ईस्ट स्टर्लिंगशायरचा, मॅनेजर म्हणून. अर्धवेळ नोकरी, आठवड्याला ४० पौंड. तिथे चार महिनेही राहिला नाही.

बाकी जाणकारांनी भर घालावी.

---

अनघा_म

खूप छान लिहिलंय. एक भाबडा प्रश्न: प्लेयर-कोच म्हणजे नक्की काय? कॅप्टन आणि कोच यांच्या मधलं काहीतरी का? मी क्रिकेटवाली, त्यामुळे कळत नाहीये.

---

डावा_विंगर

@अनघा_म, कॅप्टन मैदानात संघाला सांभाळतो. संघ निवडणं, खेळाडू विकत घेणं हे मॅनेजरचं काम. प्लेयर-कोच शनिवारी सगळ्यांसारखा बूट घालून खेळतो, पण आठवडाभर सराव तो घेतो. प्रतिस्पर्धी कसे खेळतात ते बघणं, राखीव संघातल्या पोरांना तयार करणं, हेही बहुतेक वेळा त्याच्याच गळ्यात. छोट्या क्लबांना यात पैशाची बचत दिसायची, एका पगारात दोन माणसं. खेळाडूच्या दृष्टीने तिशी उलटल्यावर पुढच्या आयुष्याची सोय.

अवघड भाग वेगळाच आहे. ज्या पोराला मंगळवारी सरावात झापलं, त्याच्याच पासवर शनिवारी गोल मारायचा असतो. ड्रेसिंग रूममध्ये मॅनेजरविरुद्ध कुजबूज चालू असेल तर तू कोणाच्या बाजूचा? फर्गसन तर संघटनेचा अध्यक्षही होता. तीन टोप्या एका डोक्यावर.

---

पेठेतला_गोली

लई भारी धागा. आमच्या कोल्हापुरात हे रोजचं आहे. तालमीच्या संघांत मोठा खेळाडूच सकाळी पोरांचा सराव घेतो आणि शाहू स्टेडियमवर स्वतः उतरतो. पाटाकडील असो नाहीतर शिवाजी मंडळ, सिनियरचा शब्द शेवटचा. पण आपल्याकडे तो पेठेतलाच असतो, लहानपणापासून सगळे ओळखतात, म्हणून पोरं ऐकून घेतात. फर्गसन बाहेरून आलेला, त्यात रेंजर्ससारख्या मोठ्या क्लबने नाकारलेला. त्याचं पोरांनी का ऐकलं असेल?

---

क्लाइडकाठी

@पेठेतला_गोली, नाकारलेला असला तरी हा रेंजर्सकडून खेळलेला, एका हंगामात ४५ गोल मारलेला माणूस होता. फॉल्कर्कच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याला वजन होतं. शिवाय त्याने कोचिंगचं शिक्षण खेळत असतानाच घेतलं होतं. लार्ग्ज नावाचं समुद्राकाठचं गाव आहे, तिथे स्कॉटिश फुटबॉल संघटनेचे कोचिंगचे वर्ग भरायचे. डनफर्मलिनच्या काळातच तो तिथे जाऊन आला होता. त्या पिढीतले बरेच खेळाडू निवृत्तीनंतर पब काढायचे आणि तेवढ्यावर थांबायचे. यानेही गोवनमध्ये पब काढला, पण कोचिंगचे कागद आधीच खिशात होते.

मी ग्लासगोत राहतो, फॉल्कर्क इथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. आता लोक तिथे फॉल्कर्क व्हील ही बोटी उचलणारी फिरती लिफ्ट आणि केल्पीजचे घोड्यांचे पुतळे बघायला जातात. ज्या ब्रॉकव्हिल पार्कवर फर्गसन खेळला ते मैदान २००३ मध्ये बंद झालं, त्या जागी आता सुपरमार्केट आहे.

एक भर घालतो. फॉल्कर्कच्या त्या संघात फर्गसनच्या जोडीला पुढच्या फळीत अँडी रॉक्सबर्ग होता. १९८६ च्या वर्ल्ड कपला स्कॉटलंडचा मॅनेजर फर्गसन. त्यानंतर स्कॉटलंडचा मॅनेजर झाला रॉक्सबर्ग. त्याच्यानंतर १९९३ मध्ये क्रेग ब्राऊन, तोही एकेकाळी फॉल्कर्कचाच खेळाडू. एवढ्याशा क्लबातून देशाचे लागोपाठ तीन मॅनेजर!

---

सह्याद्रीवारा

रॉक्सबर्गची माहिती नवीन होती, धन्यवाद.

रेंजर्समधून जाण्याचं कारण मात्र फक्त मॅकनीलचा गोल नव्हता. फर्गसनची पत्नी कॅथलिक आहे आणि रेंजर्स तेव्हा प्रोटेस्टंटांचा क्लब म्हणूनच चालायचा. क्लबमध्ये आल्यावर त्याला लग्न कुठे झालं, कॅथलिक चर्चमध्ये का, असं विचारलं गेलं होतं, हे त्याने स्वतः सांगितलंय. रेंजर्सने मो जॉन्स्टनसारखा मोठा कॅथलिक खेळाडू उघडपणे घेतला तो थेट १९८९ मध्ये. ६० च्या दशकात हवा कशी असेल ते समजून घ्या.

---

डावा_विंगर

@सह्याद्रीवारा, बरोबर, आणि म्हणूनच फॉल्कर्कची ती जागा मला फार महत्त्वाची वाटते. लहानपणापासून ज्या क्लबचं स्वप्न बघितलं, ज्याचं मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यांनी राखीव पोरांबरोबर सराव करायला लावला. अशा वेळी माणूस खेळ सोडून पबच सांभाळत बसला असता. तेव्हा कनिंगहॅमने हाक मारली.

---

जुना_स्ट्रायकर

कनिंगहॅमचं कौतुक समजलं, पण मला ईस्ट स्टर्लिंगशायरबद्दल वाचायचंय. चार महिन्यांत सोडून गेला, हे बरोबर होतं का? आज आपण फर्गसनच्या निष्ठेचे, २७ हंगाम एका क्लबात काढण्याचे गोडवे गातो. त्या छोट्या क्लबने मात्र कोणी विचारत नसताना संधी दिली होती.

---

क्लाइडकाठी

@जुना_स्ट्रायकर, आधी तो क्लब काय होता ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

लोक त्याला 'शायर' म्हणतात. फॉल्कर्क शहरातलाच, पण कायम मोठ्या भावाच्या, म्हणजे फॉल्कर्क क्लबच्या, सावलीत. मैदान फर्स पार्क, अगदी लहान. १९६४ मध्ये मालकांनी हा क्लब चक्क उचलून क्लाइडबँकला नेला आणि तिथल्या ज्युनियर क्लबमध्ये विलीन केला. भागधारक कोर्टात गेले, लढले आणि वर्षभरात क्लब परत आणला. ज्यांनी असा क्लब वाचवला त्यांच्या गावात फर्गसन १९७४ मध्ये मॅनेजर म्हणून आला.

त्याने चेअरमन विली म्युअरहेडकडे खेळाडूंची यादी मागितली. म्युअरहेड सतत सिगारेट ओढणारा माणूस, यादी द्यायला टाळाटाळ करत होता. अखेर दिली, तर त्यात आठ नावं! गोलकीपर एकही नाही. सामना सुरू करायला अकरा जण लागतात याची फर्गसनने त्याला आठवण करून दिली. नवीन खेळाडूंसाठी पैसे इतके तुटपुंजे की त्यात एखादाच बरा माणूस मिळावा. मग इतर क्लबांनी सोडून दिलेले खेळाडू गोळा करत त्याने संघ उभा केला.

सगळे अर्धवेळ. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. मॅनेजरही अर्धवेळ, त्याचा पब चालूच. अशा संघात शिस्त आणायची कशाच्या जोरावर? पैसा नाही, नाव नाही, दुसरा खेळाडू आणीन अशी धमकीही देता येत नाही. तिथला फॉरवर्ड बॉबी मॅककली याने नंतर सांगितलं की तो आधी कोणालाच घाबरत नसे, पण या माणसाची पहिल्या दिवसापासून धडकी भरायची.

आणि याच आठ नावांच्या संघाने पुढे लीगमध्ये फॉल्कर्कला हरवलं. फॉल्कर्क त्याआधीच्या हंगामात खाली आलं होतं, म्हणून एकाच डिव्हिजनमध्ये गाठ पडली. समोरचे कितीतरी खेळाडू फर्गसनने स्वतः प्लेयर-कोच म्हणून शिकवलेले. कोण दबावाखाली चेंडू घालवतो, कोणाचा कुठला पाय कच्चा, हे त्याला तोंडपाठ. फॉल्कर्क पुढे त्या हंगामात डिव्हिजनचे विजेते ठरले, म्हणजे समोरचा संघ लेचापेचा नव्हता.

---

पेठेतला_गोली

नाद खुळा! आठ खेळाडू आणि गोलीच नाही, आणि वर गावातल्याच दुसऱ्या संघाविरुद्धची डर्बी जिंकली. गोलकीपरशिवाय संघाची यादी म्हणजे काय असतं ते मला विचारा, आमच्याकडे ऐनवेळी बॅकला हातमोजे चढवलेले बघितलेत. चेअरमन मात्र वाईट माणूस वाटत नाही. लपवत होता म्हणजे त्याला लाज वाटत असणार. प्रामाणिक माणूस आला तर तो यादी बघून पळून जाईल ही भीती.

---

जुना_स्ट्रायकर

@क्लाइडकाठी, हे सगळं वाचून माझं मत आणखीच पक्कं झालं. संघ उभा केला, गावाला डर्बी जिंकून दिली आणि ऑक्टोबरमध्ये सेंट मिरेनला निघून गेला. सेंट मिरेन तर तेव्हा तक्त्यात शायरच्या खाली होतं! चेअरमनला, खेळाडूंना काय वाटलं असेल? मॅककलीसारखे पोरगे त्याच्या धाकाने का होईना धावत होते. त्यांच्यासाठी हा दगाच.

---

सह्याद्रीवारा

असहमत. तक्त्यातली जागा आणि क्लबचा आवाका या दोन वेगळ्या गोष्टी. सेंट मिरेन म्हणजे पेझली, ग्लासगोला खेटून असलेलं मोठं औद्योगिक गाव, मोठं मैदान, जमवता येईल असा मोठा चाहतावर्ग. फर्गसनला शायरबद्दल आपुलकी होतीच, म्हणून तो अडला आणि सल्ल्यासाठी सेल्टिकचा मॅनेजर जॉक स्टीन याच्याकडे गेला. स्टीनने त्याला सांगितलं की दोन्ही मैदानांच्या स्टँडमध्ये बसून एकदा आजूबाजूला बघून ये. एवढं पुरेसं होतं.

शिवाय पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, स्कॉटिश लीगची फेररचना होणार होती. दोनच्या तीन डिव्हिजन. दुसऱ्या डिव्हिजनमधले वरचे सहाच संघ मधल्या डिव्हिजनमध्ये जाणार, बाकीचे तळाच्या. सेंट मिरेनने नेमका सहावा क्रमांक काढला. १९७७ मध्ये ती मधली डिव्हिजन जिंकून ते प्रीमियर डिव्हिजनमध्ये गेले, तेही कोवळ्या पोरांना घेऊन. शायरमध्ये राहून हे झालं असतं असं मला वाटत नाही.

---

जुना_स्ट्रायकर

ते फर्गसनसाठी बरोबर झालं, शायरसाठी नाही. माझा मुद्दा एवढाच आहे आणि तो मी सोडणार नाही. मोठ्या माणसाच्या चरित्रात छोटा क्लब नेहमी पायरी म्हणून येतो. पायरीच्या बाजूने कोणी लिहीत नाही.

---

क्लाइडकाठी

हा मुद्दा मला पटतो, म्हणून पायरीच्या बाजूने थोडं लिहितो.

फर्गसननंतर शायरने इयन युअरला आणलं, आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला सेंटर-हाफ. म्हणजे क्लब रडत बसला नाही, त्यांनी मोठं नाव आणून दाखवलं. पण पुढचा प्रवास उताराचाच. २००० नंतरच्या दशकात वर्षामागून वर्ष तळाला. २००३-०४ च्या अख्ख्या हंगामात फक्त ८ गुण. खेळाडूंना आठवड्याला १० पौंड मिळायचे, आणि तरी ते येत होते. २००८ मध्ये फर्स पार्क सोडावं लागलं, मग शेजारच्या स्टेनहाउसम्युअरच्या मैदानावर भाड्याने. २०१६ मध्ये एडिनबरा सिटीकडून प्लेऑफ हरून ते राष्ट्रीय लीगमधूनच बाहेर गेले. त्यानंतर त्याखालच्या लोलँड लीगमध्ये खेळू लागले.

या उताराला फर्गसन जबाबदार नाही. चार महिने काय आणि चार वर्षं काय, त्या शहरात दोन क्लब पोसण्याइतकं प्रेक्षकांचं बळ नव्हतं. पण १९६४ मध्ये कोर्टात जाऊन क्लब परत आणणारे लोक आणि १० पौंडांसाठी दर शनिवारी हरायला जाणारे ते खेळाडू, यांच्याबद्दल मला फर्गसनइतकाच आदर आहे.

---

अनघा_म

बाप रे, कोर्टात जाऊन क्लब परत आणला? यावर वेगळा धागा काढा ना कोणीतरी.

आणि कनिंगहॅमचं पुढे काय झालं? मूळ धाग्यात तो १९७३ मध्ये 'गेला' एवढंच आहे.

---

डावा_विंगर

@अनघा_म, बरं झालं विचारलंत, ते लिहायचं राहिलंच होतं. हा माणूस फॉल्कर्कमधून गेला तो सेंट मिरेनला.

हो, तेच सेंट मिरेन. १९७४ मध्ये त्याने मॅनेजरपद सोडलं आणि त्याच्या खुर्चीत आला फर्गसन. डनफर्मलिनला ज्याने यादीतून वगळलं, फॉल्कर्कला ज्याने कोच केलं, त्याच्याच जागेवर फर्गसन पूर्णवेळ मॅनेजर होण्याच्या वाटेला लागला. दहा वर्षांत तीन क्लब, तिन्ही ठिकाणी दोघांच्या वाटा एकमेकांना येऊन मिळतात.

कनिंगहॅम मूळचा उत्तर आयर्लंडचा, १९५८ च्या वर्ल्ड कपला त्यांच्या संघात होता. खेळाडू म्हणून तो आधी सेंट मिरेनमध्ये, मग लेस्टर सिटीत, आणि शेवटी डनफर्मलिनला. तिथे त्याचा मॅनेजर कोण? जॉक स्टीन. म्हणजे वर सह्याद्रीवारा यांनी लिहिलंय तो सल्ला देणारा स्टीन आणि फर्गसनला कोच करणारा कनिंगहॅम, हे एकाच शाळेतले. स्टीनकडून कनिंगहॅम, कनिंगहॅमकडून फर्गसन. १९८५ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्धच्या सामन्याच्या शेवटी स्टीन कोसळला आणि गेला, तेव्हा त्याचा सहाय्यक म्हणून फर्गसनच तिथे होता.

---

पेठेतला_गोली

म्हणजे तालमीसारखंच झालं की. वस्तादाचा वस्ताद आणि त्याचा पठ्ठ्या.

दादा, प्रेंटिसबद्दल अजून एक शंका. त्याने कोचिंग काढून घेतलं ते वैरातून का?

---

डावा_विंगर

@पेठेतला_गोली, मला तसं वाटत नाही. प्रेंटिस फॉल्कर्कचा घरचा माणूस होता. १९५७ ला त्यांनी स्कॉटिश कप जिंकला त्या संघात तो होता, आणि १९६६ मध्ये काही महिने स्कॉटलंडचा मॅनेजरही होता. नवीन मॅनेजर आपली माणसं आणतो, हे या खेळात चालतंच. पण तिशी उलटलेल्या स्ट्रायकरला 'फक्त खेळ' म्हणणं म्हणजे त्याचं पुढचं दार बंद करणं. फर्गसनने तो अपमान म्हणून घेतला आणि फॉल्कर्क सोडलं. तो अजून दोन-तीन हंगाम तिथेच कोचिंग करत राहिला असता, तर म्युअरहेडने मॅनेजर शोधायला सुरुवात केली तेव्हा हा मोकळा नसता.

@जुना_स्ट्रायकर, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. शायरच्या बाजूचा धागा तुम्ही काढा, क्लाइडकाठींकडे १९६४ च्या विलीनीकरणाची माहिती दिसतेय.

---

क्लाइडकाठी

काढा, मी भर घालतो. आणि कोणी स्कॉटलंडला येणार असेल तर सांगा. शायर २०१८ मध्ये फॉल्कर्क स्टेडियमवर खेळायला गेले, म्हणजे अखेर मोठ्या भावाच्याच घरी. मोठा भाऊ २०२५ मध्ये बऱ्याच वर्षांनी प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये, गेला, त्यामुळे गावात उत्साह आला. लोलँड लीगच्या सामन्याचं तिकीट आयत्या वेळी दारातही मिळतं. शनिवारी दुपारी तीनचा सामना धरला तर सकाळी व्हील आणि केल्पीज बघून होतात.

---

जुना_स्ट्रायकर

मुलगी एडिनबराला शिकायला आहे, मे महिन्यात तिकडे जाणार आहे. तोपर्यंत त्यांचे सामने संपतात का?

---

क्लाइडकाठी

लीग साधारण एप्रिलमध्ये आटोपते काका. मार्चच्या शेवटी येता आलं तर बघा, मी ग्लासगोहून येतो, स्टेशनवर भेटू.